प्लेटलेट्स बघून आयुष्य सांगता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"कॅन्सर आहे आणि प्लेटलेट्स वाढल्यात, म्हणजे किती दिवस?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काउंटरवर, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. मी उत्तर टाळते असं लोक म्हणतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

संबंध आहे, तो मी कधीच नाकारला नाही. २०१२ साली ओव्हरीच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३१ टक्के बायकांच्या प्लेटलेट्स निदानाच्या वेळीच साडेचार लाखांवर, म्हणजे नॉर्मलपेक्षा जास्त होत्या, आणि त्या इतरांपेक्षा कमी जगल्या. गाठीतून इंटरल्युकिन-६ नावाचं प्रथिन सुटतं, त्यामुळे लिव्हर थ्रॉम्बोपोएटिन, म्हणजे प्लेटलेट्स बनवायला लावणारं हॉर्मोन, जास्त बनवतं आणि प्लेटलेट्स वाढतात. हे सगळं खरं आहे. पण ते समूहाबद्दल खरं आहे.

एकदा एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये आला. प्लेटलेट्स ५,८०,०००. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट (एका प्रकारची पांढरी पेशी) यांचा रेशो त्यानं मोबाइलवर काढूनच आणला होता. "मॅडम, हा वाईट आहे ना? उपचारासाठी शेत विकायचं का नाही, ते ठरवायचंय."

मी रक्ताची स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली लावली. तांबड्या पेशी लहान, फिकट, मधे पांढरा भाग पसरलेला, काही पेन्सिलसारख्या लांबट. हिमोग्लोबिन आठ. लोह कमी असलं तरी प्लेटलेट्स वाढतात. या पाच लाख ऐंशी हजारांत गाठीच्या किती आणि लोहाच्या कमतरतेच्या किती, हे स्लाइड सांगत नाही. स्टेज कुठली, ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली, केमो किती लागू पडतेय, हे ऑन्कोलॉजिस्टना विचारा, असं मी म्हटलं. तो चिडला. "म्हणजे तुम्हालाबी सांगता येत नाही."

आई बाहेर बाकावर होत्या. दंडावरचा कापूस दाबत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "शेत माझ्या नावावर हाय. मला इचारा की."

मुलगा गप्प झाला. मी त्यांना लोहाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "रक्तवाढीच्या गोळ्यांनी आकडा उतरंल व्हय?" उतरेल, थोडाफार. "आन् गाठ?" गाठ त्यानं जाणार नाही, म्हटलं.

एमडी करताना मला हा रेशो फार मोलाचा वाटायचा. साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून निघतो, तालुक्याच्या लॅबलाही जमतो, गरिबाला परवडतो. ती बाजू मला आजही पटते. पण 'जास्त' कशाला म्हणायचं याची रेघ प्रत्येक अभ्यासात वेगळी. इन्फेक्शननं प्लेटलेट्स वाढतात, केमोनं पडतात. प्लेटलेटचा सरासरी आकार, म्हणजे एमपीव्ही, तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये नुसता वेळ गेला तरी वाढतो, कारण पेशी फुगतात. सकाळी खेड्यात काढलेलं रक्त दुपारी माझ्याकडे पोचलं, तर मी नक्की काय मोजतेय? मग समूहात दिसलेला फरक खोटा का, असं तेव्हाची मी विचारते. खोटा नाही. एवढंच म्हणता येतं.

या आकड्याचा एक उपयोग मात्र मी ठामपणे सांगते. केमोआधी प्लेटलेट्स साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर खोराना स्कोअरमध्ये त्याचा एक गुण धरतात. तो स्कोअर रक्ताच्या गुठळीचा धोका सांगतो, आयुष्याचे दिवस नाही. पाय सुजला, दम लागला तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, निदान झालेल्या पेशंटचा आकडा दर रिपोर्टला चढताना दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. मी ऑन्कोलॉजिस्टना फोन करते, घरच्यांशी त्यावर बोलत नाही. त्या बाईंना मी ३१ टक्क्यांचा अभ्यास सांगितला नाही. त्यांनी आकड्याबद्दल विचारलं होतं, दिवसांबद्दल नाही, असं मी स्वतःला सांगते. ते मला दर वेळी पटतंच असं नाही.