आईचं जंगल, बाबांचा कूप
मार्चमध्ये गावी गेलो होतो, गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पलीकडे. पहाटे आई टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघाली आणि जंगलाकडे पाठ करून भाताच्या बांदीकडे वळली. म्हटलं, "जंगलात नाई जात का?" तर म्हणे, "जंगलात का आहे बापा, साग आहे."

गावामागचं जुनं जंगल मी सातवीत होतो तेव्हा कापलं. बाबा कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मजुरीला जायचे. आधी तोडायच्या झाडाला गेरूचा पट्टा, मग बुंध्याशी साल तासून हातोड्याचा शिक्का. ऐन, हळदू, धावडा, बिजा, सगळं आडवं झालं. बिजाला घाव घातला की लालभडक रस गळतो. बाबांच्या बनियनवरचे ते डाग आईनं किती धुतले, निघाले नाहीत. शेवटी त्या बनियनचं पोतेरं झालं. त्याच मजुरीतून माझी वह्या-पुस्तकं आली, पुढे ब्रह्मपुरीचं कॉलेजही झालं. त्यामुळे जंगलतोडीवर तावातावाने बोलायला गेलो की माझी जीभ जरा अडखळतेच.

मग तिथे साग लावला. ओळीत, शाळेच्या कवायतीसारखा. मोह राखायचे म्हणून दोन-तीन ठेवले होते, ते त्या दाटीत खंगले. टेंभरं, चारोळीची फळं, रानभाज्या, पावसाळ्यातल्या सात्या म्हणजे अळंबी, हे सगळं आईच्या बोलण्यात राहिलं. आम्हा पोरांना साग आवडायचा, कारण कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात. पण पान चोळून पोट भरत नाही.

कागदावर मात्र काहीच गेलेलं नाही. आपल्याकडे एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र 10 टक्के असलं की ते वनाच्छादनात धरतात. मग तो शंभर वर्षांचा ऐन असो की ओळीतला साग. वरून, उपग्रहातून, आमचं गाव हिरवंगारच दिसत असणार.

न कापलेलं जंगल कसं असतं ते बघायला एकदा आलापल्लीला गेलो. तिथे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा सहा हेक्टरचा तुकडा राखून ठेवलाय, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून. एका सागाला मी आणि मित्राने मिळून कवळ घातली, हात पुरले नाहीत. तोही सागच, पण वेलींनी लगडलेला, खाली पायाला मऊ लागणारा पाचोळा. खरं सांगतो, बघून आनंदापेक्षा रागच जास्त आला. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दाखवायला सहा हेक्टर!

परतायच्या आदल्या दिवशी बाबांना घेऊन मागच्या सागात गेलो. विरळणी होणार म्हणे, दाटीतली काही झाडं तोडणार. बऱ्याच झाडांना गेरूचे ताजे पट्टे. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी एका पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, धोतराला पुसलं.

"आता रोजी किती देतेत रे?" त्यांनी विचारलं.