बोलिव्हारची शेवटची खोली

आज कोलंबियात, सांता मार्ताजवळची किंता दे सान पेद्रो अलेहान्द्रिनो पाहिली. उसाची जुनी इस्टेट. दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांना स्पेनपासून सोडवणारा सिमोन बोलिव्हार १७ डिसेंबर १८३० ला इथेच गेला, वय अवघं ४७. पलंग केवढासा! तिथलं घड्याळ एक वाजून तीन मिनिटांवर थांबवलेलं. ज्याने स्पेनला हाकललं, त्याला शेवटी आसरा दिला तो एका स्पॅनिश माणसानेच, होआकिन दे मिएरने.

मी मात्र रेंगाळले घाण्यापाशी. कोल्हापूरची ना मी, उसाचा घाणा दिसला की पाय निघत नाही! पण इथे ऊस गाळायचे ते गुलाम. मुक्तिदाता आत शेवटचे श्वास मोजत होता, तेव्हाही ते गुलामच होते. कोलंबियात गुलामगिरी संपायला १८५२ उजाडलं.

बाहेर बागेत इग्वाना खुशाल ऊन खात पसरले होते.