एन्जिनएक्स सुरू होईना, आणि दोष नव्या फाइलीत नव्हता

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी एका वाचनालयाच्या सर्व्हरवर छोटासा बदल केला. वाचनालयाची ग्रंथसूची आतापर्यंत मुख्य संकेतस्थळाच्याच एका पानावर होती. तिला स्वतंत्र उपडोमेन द्यायचे होते. सर्व्हर उबंटू लिनक्सचा, त्यावर संकेतस्थळाची पाने वाचकांना पुरवणारा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि माझी नवी फाइल जेमतेम चोवीस ओळींची. 'सुडो एन्जिनएक्स -टी' ही कमांड चालवली, तेव्हा वाक्यरचना बरोबर आहे आणि चाचणी यशस्वी झाली, असे नेहमीचे दोन ओळींचे उत्तर आले. रीलोड केले, म्हणजे चालू एन्जिनएक्सला नवी फाइल वाचायला लावली, आणि ग्रंथसूची नव्या पत्त्यावर दिसू लागली. मग बरेच दिवस ताटकळलेले कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट आठवले. एवीतेवी वाचनालय बंद होण्याचीच वेळ झाली होती, म्हणून मी सर्व्हर रीबूट केला. सर्व्हर दोन मिनिटांत परत आला; संकेतस्थळ आले नाही.

एन्जिनएक्सची सेवा सुरू होऊ शकली नाही, एवढाच निरोप सर्व्हरवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने दिला. का, ते त्यात नव्हते. लॉग वाचण्याऐवजी मी थेट माझ्या चोवीस ओळींवर संशय घेतला, कारण हातून झालेले शेवटचे काम तेच होते. मुख्य संकेतस्थळाच्या फाइलीतही मी जुन्या पानावरून नव्या पत्त्याकडे वळवणारी एक ओळ घातली होती. त्या फाइलीची एक प्रत मी तिच्या शेजारीच, म्हणजे 'साइट्स-एनेबल्ड' या फोल्डरमध्ये, नावापुढे '.बॅक' असे जोडून ठेवली आणि मूळ फाइलीतली ओळ काढून टाकली. आता चाचणी दिली तर तीही नापास झाली. ८० क्रमांकाच्या पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा) 'डिफॉल्ट सर्व्हर', म्हणजे दुसरे कोणते संकेतस्थळ जुळले नाही तर दाखवायचे संकेतस्थळ, दोनदा जाहीर झाला आहे, अशी तक्रार आली.

हे का झाले ते सविस्तर सांगतो, कारण या खड्ड्यात अनेक जण पडतात. डेबियन आणि उबंटूमध्ये एन्जिनएक्सची मुख्य फाइल 'साइट्स-एनेबल्ड' मधली प्रत्येक फाइल वाचते. नावाच्या शेवटी काय आहे हे ती पाहत नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली तेवढ्या सुटतात. त्यामुळे '.बॅक' नावाची प्रतही एन्जिनएक्सच्या लेखी एक जिवंत संकेतस्थळच ठरते. शेजारच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये मात्र '.कॉन्फ' ने संपणाऱ्याच फाइली वाचल्या जातात, आणि उबंटूवरच्या अपाचीचेही, म्हणजे दुसऱ्या एका वेब सर्व्हरचेही, तसेच आहे. म्हणून एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नडते. तासाभरापूर्वी चाचणीत उत्तीर्ण झालेले कॉन्फिगरेशन मी दुरुस्त करण्याच्या नादात स्वतःच बिघडवले होते, आणि ते पुन्हा जागेवर आणण्यात पाऊण तास गेला.

तेवढ्यात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "सर, साइट उघडते आहे, पण ती आपली नाही. वर लाल पट्टीत 'इट वर्क्स' असं काहीतरी इंग्रजीत लिहिलंय." मी माझ्या ब्राउझरमध्ये जतन केलेला सुरक्षित पत्ता, म्हणजे ४४३ क्रमांकाचा पोर्ट, पाहत होतो, आणि तिथे जोडणीच नाकारली जात होती. त्यांचा ब्राउझर साध्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर गेला होता. लाल पट्टीचे ते पान अपाचीचे मूळ पान आहे. ज्या सर्व्हरवर मी अपाची कधी मागितला नव्हता, त्यावर तो उत्तर देत होता.

तेव्हा कुठे मी 'जर्नलसीटीएल -यू एन्जिनएक्स -बी' चालवून या बूटपासूनच्या फक्त एन्जिनएक्सच्या नोंदी काढल्या. सगळे तिथेच लिहिलेले होते. '०.०.०.०:८०' शी बाइंड होता आले नाही, म्हणजे ८० क्रमांकाचा पोर्ट ताब्यात घेता आला नाही, त्रुटी क्रमांक ९८, पत्ता आधीच वापरात आहे. हीच ओळ एकाखाली एक पाच वेळा होती, कारण एन्जिनएक्स अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पाचदा प्रयत्न करतो आणि मग हार मानतो. 'सुडो एसएस -एलटीएनपी' ने कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्रॅम बसला आहे ते दाखवले, आणि ८० समोर अपाचीचे नाव होते. साप साप म्हणून मी इतका वेळ भुई धोपटत होतो.

अपाची आला कुठून? तीन आठवड्यांपूर्वी मी कमांड लाइनवरून चालवायच्या एका स्क्रिप्टसाठी 'पीएचपी' या नावाचे पॅकेज बसवले होते. एफपीएम किंवा सीजीआय (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवण्याचे दुसरे मार्ग) आधीपासून नसेल, तर हे पॅकेज अपाचीचे मॉड्यूल आणि त्याच्याबरोबर अख्खा अपाची घेऊन येते. मला 'पीएचपी-सीएलआय' पुरले असते. बसवताना अपाचीने सुरू होण्याचा प्रयत्न केला असणार, पण तेव्हा ८० एन्जिनएक्सकडे होता, म्हणून तो अपयशी ठरला, आणि ती ओळ इतर शेकडो ओळींबरोबर पडद्यावरून वर सरकून गेली. बूटच्या वेळी सुरू व्हायच्या सेवांच्या यादीत मात्र त्याचे नाव कायम राहिले. सिस्टिमडी अशा सेवा समांतर सुरू करते, आणि त्या संध्याकाळी अपाची आधी पोहोचला. 'सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ अपाची२' ही एक कमांड दिली आणि एन्जिनएक्स पहिल्याच फटक्यात उभा राहिला, माझ्या चोवीस ओळींसकट.

चाचणीने हे आधी का सांगितले नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. '-टी' फक्त वाक्यरचना तपासत नाही. ती प्रमाणपत्रे आणि लॉगच्या फाइलीही उघडून पाहते, म्हणूनच ती सुडोशिवाय चालवली तर परवानगीच्या खोट्या तक्रारी येतात. पण पोर्ट व्यापलेला आहे ही त्रुटी ती जाणूनबुजून सोडून देते, कारण चाचणीच्या वेळी सहसा चालू असलेल्या एन्जिनएक्सनेच तो पोर्ट धरलेला असतो. चाचणी पास आणि सेवा नापास होण्याची आणखी कारणे आहेत. बूटच्या क्षणी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा, तयार नसेल आणि कॉन्फिगरेशनमध्ये 'अपस्ट्रीम' साठी, म्हणजे एन्जिनएक्स ज्याच्याकडे विनंती पुढे पाठवतो त्यासाठी, यंत्राचे नाव लिहिलेले असेल, तर एन्जिनएक्स सुरू होत नाही, आणि दहा मिनिटांनी चाचणी दिली तर ती निर्दोष निघते. रेड हॅटच्या लिनक्स घराण्यात एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेमुळे असेच घडते. रूटच्या शेलमधली चाचणी निर्बंधांबाहेर चालते, पण सिस्टिमडीने सुरू केलेल्या सेवेला ठरावीक पोर्टच मिळतात.

म्हणूनच मी आता चालू सर्व्हरवर रीस्टार्ट टाळतो आणि रीलोड वापरतो. रीलोडमध्ये नवे कॉन्फिगरेशन चुकीचे निघाले, तरी जुने चालू राहते. रीस्टार्टमध्ये आधी थांबणे होते आणि मग सुरू होणे. 'ईटीसी' मधले एन्जिनएक्सचे फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, टाकले आहे, त्यामुळे '.बॅक' प्रतींची गरज संपली. आणि रीबूटच्या आधी 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' चालवतो; अपयशी ठरलेल्या सेवांची यादी ती देते. तीन आठवड्यांत एकदा जरी ती कमांड चालवली असती, तरी अपाचीचे नाव तिथे लाल अक्षरांत दिसले असते.

त्याच रात्री मी सांभाळत असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरही तीच कमांड चालवली. तिथे एक नाव निघाले, संकेतस्थळाची सुरक्षा-प्रमाणपत्रे आपोआप नवी करणाऱ्या सर्टबॉटचे. उन्हाळ्यात मी सगळी वाहतूक नव्या पत्त्याकडे वळवली होती, तेव्हा पडताळणीच्या फाइलींचा मार्गही नकळत वळला होता आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण रोज दोनदा अपयशी ठरत होते. मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. तो मार्ग वळणातून वगळला, रीलोड केले आणि झोपण्यापूर्वी नवे प्रमाणपत्र आले.