इकॉनॉमिक्स मेजर घेताय? मग शेवटच्या सेमिस्टरपासून उलटं मोजा

परवा मामेबहीण बीए पहिल्या वर्षाचा फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, दादा, इकॉनॉमिक्स तर घेतोच मी, बाकीचे दोन विषय कुठले टाकू ते सांग पटकन, सोमवारी शेवटची तारीख हाय. (बाहेरच्या वाचकांसाठी, आमच्या कोल्हापुरात मुली 'घेतो, जातो' असंच बोलतात.) मी विचारलं, तू काय ठरवलंयस? तर म्हणे मैत्रिणी मराठी आणि भूगोल घेतायत, भूगोलाला प्रॅक्टिकलचे मार्क बरे पडतात आणि लेक्चरं लवकर संपतात, मग बाराची कागल गाडी सापडते.

अगदी हेच मी केलं होतं. एसटीच्या वेळेवर विषय निवडले होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांच्या घरात यंदा कोण इकॉनॉमिक्स घेणार असेल त्यांनी नीट वाचा.

झालं असं की मी दहावीनंतर गणित सोडलं, अकरावी बारावी आर्ट्स, बीएला इकॉनॉमिक्स. पहिली दोन वर्षं मजेत गेली, मागणी पुरवठ्याच्या आकृत्या काढायच्या, चलनवाढीची कारणं लिहायची, मार्कही चांगले. तिसऱ्या वर्षी डोक्यात आलं की पुढं एमए चांगल्या ठिकाणी करायचं, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटला नाहीतर दिल्लीला. तिथल्या एंट्रन्सचे जुने पेपर काढून बसलो तर पानभर डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी. एक प्रश्न धड वाचता येईना. तोपर्यंत इकॉनॉमिक्समधे वर्गात पहिला होतो मी, आणि त्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या खर्डेकर लायब्ररीत पेपर पुढ्यात ठेवून नुसता बसून होतो. बीए झाल्यावर एक अख्खं वर्ष गणितात घालवलं, अकरावीच्या पुस्तकापासून. वडलांनी काही बोलून दाखवलं नाही पण त्या वर्षाचा खर्च त्यांनीच उचलला, ते विसरता येत नाही.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजात प्रीरिक्विझिट म्हणून प्रकार असतो, म्हणजे कॅल्क्युलस पास झाल्याशिवाय इंटरमीजिएट मायक्रोला (पुढच्या पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र) नावच नोंदवता येत नाही, आणि स्टॅट म्हणजे स्टॅटिस्टिक्स झाल्याशिवाय इकॉनोमेट्रिक्सला (आकडेवारीवर अर्थशास्त्राचे सिद्धांत तपासायचा विषय) बसू देत नाहीत. तिकडच्या पोरांची सगळी धडपड ही की पहिल्या दुसऱ्या वर्षात हे अडथळे काढून टाकायचे, नाहीतर डिग्री एक टर्म पुढं जाते. मला कॉलेजात कुणीच अडवलं नाही. बारावीला गणित नव्हतं तरी इकॉनॉमिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळाला, ऑफिसातल्या काकांनी फॉर्म घेतला, शिक्का मारला, विषय संपला. पायऱ्या इथंही त्याच आहेत, फक्त दारात राखणदार नाही, त्यामुळं आपण किती पायऱ्या गाळल्या ते थेट वर जाऊन कळतं.

आता पायऱ्या कुठल्या, तर मायक्रो आणि मॅक्रो (सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचं अर्थशास्त्र) पहिल्यांदा. त्याच्या सोबतीनं गणित, निदान डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जरा वाढली की दुसरी किती बदलते ते) आणि मॅट्रिक्स. मग स्टॅटिस्टिक्स, म्हणजे सरासरीपासून प्रोबॅबिलिटी, सॅम्पलिंग, हायपोथिसिस टेस्टिंगपर्यंत. आणि हे सगळं झाल्यावर इकॉनोमेट्रिक्स. पब्लिक फायनान्स, आंतरराष्ट्रीय व्यापार, भारतीय अर्थव्यवस्था हे पेपर थोडे पुढं मागं झाले तरी चालतं. पण स्टॅट न करता इकॉनोमेट्रिक्स म्हणजे रिग्रेशनची सूत्रं पाठ करणं, मी केलीयत, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी एक आठवत नव्हतं.

बहिणीला गणिताची भीती, म्हणाली इकॉनॉमिक्सला एवढं कशाला लागतंय? मग तिला गुऱ्हाळाचं उदाहरण दिलं, मामाच्या शेताशेजारीच आहे. समजा दिवसाला q आधणं (एक आधण म्हणजे एका वेळी कढईत आटवलेला रस) काढायचा खर्च २००० + १००q + ५q² रुपये. १० आधणांना एकूण ३५००, म्हणजे सरासरी ३५० रुपये. पण अकरावं आधण काढायचं का नाही हे ठरवायला सरासरी काय कामाची? तिथं मार्जिनल कॉस्ट, म्हणजे आणखी एका आधणाचा वाढीव खर्च लागतो आणि तो म्हणजे त्या सूत्राचं डेरिव्हेटिव्ह, १०० + १०q, दहाला २०० रुपये. दहाच्या जागी अकरा घालून एकूण खर्च काढला तर ३७०५ येतो, म्हणजे अकराव्याचा खरा वाढीव खर्च २०५, जवळपास तेच. तिनं स्वतः वहीत आकडे मांडले, दोनदा तपासले, आणि म्हणाली म्हणजे २५० मिळत असले तर अकरावं काढायचं की, सरासरी ३५० असली तरी! बरोबर, चूल आणि कढईचा २००० चा खर्च तर आधीच होऊन गेलाय. वर्षभर आकृती काढून मला जे नीट उमगलं नव्हतं ते तिला पंधरा मिनिटांत कळलं.

मग आम्ही कागद घेतला आणि उलटं मोजायला लागलो. सहावं सेमिस्टर संपल्यावर काय करायचंय? ती म्हणाली एमए, आणि जमलं तर इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, म्हणजे केंद्र सरकारातली अर्थतज्ज्ञांची सेवा. त्या परीक्षेला इकॉनॉमिक्समधली पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री लागते, म्हणजे एमएची एंट्रन्स आली. त्यातली आयआयटीची जॅम ही एंट्रन्स परीक्षा बघा, इकॉनॉमिक्सचा पेपर ३ तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क, आणि सिलॅबसच्या पाच भागांतले दोन सरळ सरळ गणित आणि स्टॅट. परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते, म्हणजे सहावं सेमिस्टर पुरतं संपायच्या आधीच. म्हणून पाचव्याच्या शेवटी सगळं हातात पाहिजे, इकॉनोमेट्रिक्स पाचव्यात, तर स्टॅट चौथ्यापर्यंत, तर गणित दुसऱ्यापर्यंत. म्हणजे सुरुवात आत्ताच, याच फॉर्मपासून.

आता हे बसवायचं कुठं? नव्या शैक्षणिक धोरणात सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १२० ते १३२, त्यात मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा ऐच्छिक पेपर), स्किलचे पेपर अशी वाटणी असते. ओपन इलेक्टिव्ह आपल्या फॅकल्टीबाहेरचं घ्यावं लागतं, आणि पोरं तिथं जे सोपं दिसेल ते उचलतात. आर्ट्सवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं, सायन्सकडचं गणित किंवा स्टॅट तिथं मिळत असेल तर सोडू नका, क्रेडिट तसेही भरायचेच आहेत. कॉलेजात नसलं तर सरकारच्या स्वयम् पोर्टलवर ऑनलाइन कोर्स असतात, जानेवारी आणि जुलै अशा दोन बॅच, पण ते क्रेडिट आपल्या कॉलेजात धरणार का हे नाव नोंदवायच्या आधी विचारायचं आणि लेखी घ्यायचं.

आणि फॉर्मवर पेपर छापलाय म्हणजे तो शिकवतीलच असं धरू नका. आमच्या वेळी क्वांटिटेटिव्हचा (गणित-स्टॅटचा) ऑप्शनल पेपर यादीत होता, नावं आली सहा, मग तो चालवलाच नाही आणि आम्हा सहाजणांना दुसरीकडं घातलं. मी तेव्हा गप्प बसलो. ऑफिसात न जाता थेट डिपार्टमेंटच्या सरांना नाहीतर मॅडमना विचारा, गेल्या दोन वर्षांत हा पेपर चालला का, मुलं किती होती, आणि कमी पडत असतील तर वर्गात फिरून नावं गोळा करा. टाइमटेबलचंही तसंच, भूगोलाचं प्रॅक्टिकल आणि स्टॅटचं लेक्चर एकाच वेळी येत असेल तर ते जूनमधे कळलेलं बरं. एटीकेटीचं काय सांगू, एखादा पेपर नापास राहिला तरी पुढच्या वर्षात जाता येतं हे खरं, पण राहिलेला पेपर नेमका स्टॅट असला तर पुढचे सगळे डळमळतात, म्हणून ज्या सेमिस्टरला गणित स्टॅट आहे तिथं बाकीचं ओझं हलकं ठेवायचं.

रात्री साडेदहापर्यंत आम्ही बसलो होतो, मामी दोनदा ताटं वाढून हाका मारून गेल्या. शेवटी कागदावर सहा चौकोन, पेन्सिलनं, कारण निम्म्या गोष्टी अजून कॉलेजात विचारायच्यात. भूगोल खोडलाय, मराठी ठेवलंय कारण ते तिला मनापासून आवडतं, आणि तिसऱ्या जागी स्टॅटिस्टिक्स लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. सोमवारी ती आणि मी दोघं जाणार आहोत सरांना भेटायला. स्टॅट घेतलं तर लेक्चर पावणेदोनला संपतं, बाराची गाडी चुकणार. मामा म्हणाले, गाडीचं मी बघतो, तू विषय टाक.