सोनोग्राफीत कसं नाही दिसलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलीच्या छातीवरचा हृदयाच्या ऑपरेशनचा व्रण दिसला की दोन वाक्यांत गाडी तिथेच येते: 'पण सोनोग्राफीत कसं नाही कळलं?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, मान्य. तरी त्या 'कसं'ला कुणीतरी धरायला हवं असतं. डॉक्टर, नाहीतर मी.

हृदयाला भोक होतंच. या दुखण्यात ते जवळजवळ असतंच. खरी अडचण वर होती. महाधमनी हृदयातून निघते, कमानीसारखी वळते आणि खाली पोटाकडे जाते. हिची कमान मध्येच तुटलेली: मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या धमनीचा फाटा निघाल्यावर, डाव्या हाताच्या धमनीचा निघायच्या आधी. टाइप बी म्हणतात. लाखात दोनेक बाळांना कमान तुटण्याचा हा आजार असतो.

मग पोटात ती वाढली कशी? प्रत्येक गर्भात फुफ्फुसाच्या धमनीतून महाधमनीत जाणारी एक आडवाट असते, डक्टस. खालच्या अर्ध्या शरीराचं रक्त तिथूनच जात होतं. वजन व्यवस्थित, लाथा व्यवस्थित. हृदयाचे चार कप्पे दाखवणाऱ्या चित्रात कमान येतच नाही, ती वेगळ्या कोनातून शोधावी लागते. भोकही अशा जागी की त्या चित्रात सहज निसटावं.

डक्टस जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. मिटायलाच हवी. हिची तिसऱ्या रात्री मिटायला लागली. दूध ओढता ओढता ती थांबायची, धाप लागायची. सासूबाई म्हणाल्या, पाय गार पडलेत, मोजे घाल. घातले. सकाळी लंगोट कोरडाच. डॉक्टरांनी दोन बोटं तिच्या उजव्या कोपराच्या घडीत ठेवली, मग जांघेत. तिथे बोटं जराशी सरकवली, पुन्हा सरकवली. दुसरी जांघ. परत कोपर. परत जांघ. "काय बघताय?" मी विचारलं. "नाडी," ते म्हणाले, आणि बोटं काही उचलली नाहीत. मग एकदम सगळे धावायला लागले. प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावलं; त्याने मिटत आलेली डक्टस पुन्हा उघडते. त्याच औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर तयार. मला कुणी काही समजावत नव्हतं आणि समजलंही नसतं. पुष्कळ वेळाने लघवीच्या नळीत पिवळा थेंब उतरला तेव्हा नर्स जवळजवळ ओरडलीच, "शू झाली!" मूत्रपिंडं चालू झाली होती.

ऑपरेशनबद्दल कुणी विचारत नाही. टोकं जोडली, भोक बुजवलं.

पुढे कितीतरी वर्षं माझं उत्तर ठरलेलं: 'ते दिसतच नाही हो.' विषय संपायचा. पण ते अर्धंच खरं आहे. सरावलेल्या नजरेला फीटल इकोत, म्हणजे गर्भाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीत, दिसू शकतं. दिसलं असतं तर ड्रिप जन्मल्याबरोबर लागलं असतं, ती रात्र टळली असती. ऑपरेशन तेच झालं असतं, त्यामुळे फरक काय तो एका रात्रीचा, असं मी स्वतःला समजवायचे. मुलगी उशिरा बोलायला लागली तेव्हा ते समजावणं डळमळलं. टाइप बीच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो. हिच्यातही नाही, आणि त्यामुळेही बोलणं लांबतं. त्या तुकड्यामुळे लांबलं की त्या रात्रीमुळे? दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली. मीही दिवस बघून कधी एक धरते, कधी दुसरं.

आणि आधी कळलं असतं तर तुम्ही काय ठरवलं असतं, हा खरा प्रश्न बहुतेकांच्या ओठांवर येऊन थांबतो. त्याचं उत्तर मी देणार नाही.

'आता बरी आहे ना?' हेही विचारतात. शाळेत जाते, भांडते. तपासणीला तिच्या हाताचं आणि पायाचं बीपी मोजून ताडून बघतात, जोड आवळतोय का ते कळायला. यंदा महाधमनीच्या झडपेखालची जागाही थोडी अरुंद वाटली, इको पुन्हा करायचाय. त्याबद्दल विचारा की कधी.