तुम्ही विचारलंत म्हणून: एक्स-रेत दिसत होतं ना, मग सीटी नि एमआरआय कशाला?

मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून सोसायटीत, ट्रेनमध्ये, अगदी बहिणीच्या सासरीसुद्धा हेच विचारतात, की हाड तुटलेलं एक्स-रेत दिसत होतं तर आधी दोन-दोन स्कॅन कशाला, उगाच खर्च. नीट सांगते.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला खड्ड्यात स्कूटर घसरली नि उजव्या हातावर पडले. पहिल्या एक्स-रेत काहीच नाही, मुरगळलंय म्हणाले, क्रेप बँडेज बांधून घरी. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, तिथे दाबलं की कळ यायची, तरी मी पोळ्या लाटतच राहिले. अशा वेळी १०-१४ दिवसांनी परत एक्स-रे काढायचा असतो, ते मला कोणी सांगितलंच नाही, याचा अजून राग येतो. पाच महिन्यांनी परत एक्स-रे काढला तेव्हा कळलं की स्कॅफॉइड, म्हणजे मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड, तुटलंय आणि जुळलेलंच नाही.

हे काजूच्या आकाराचं छोटं हाड, पण त्याला रक्त उलटं येतं, बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि मागे कोपराकडच्या टोकाला जातं. मधे तुटलं की मागचा तुकडा कोरडा पडू शकतो, आमच्याकडे लाइन फुटली की शेवटच्या बिल्डिंगला पाणी येत नाही तसं. आता तो तुकडा जिवंत आहे की नाही हे साध्या एक्स-रेला नीट कळत नाही.

सीटीत, तेही हाडाच्या लांबीने काप घेतले तर, फट किती, तुकडे सरकलेत का (१ मिलिमीटरच्या वर म्हणजे सरकलंच धरतात), हाड वाकून त्याला कुबड आलंय का, आत पोकळी झालीय का, सगळं दिसतं. एमआरआयत रक्तपुरवठ्याचा अंदाज येतो, कधी शिरेत गॅडोलिनियमचं (रक्त पोचतं तो भाग स्कॅनमध्ये उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन. त्यावरून ठरतं की नुसता स्क्रू, की कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत भरून स्क्रू, की रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा. मला कुबड होतं, मागचा तुकडा जिवंत वाटत होता, म्हणून कमरेचं हाड आणि हर्बर्ट स्क्रू (हाडाच्या आतच बसणारा बिनडोक्याचा स्क्रू).

पण अंदाजच हां, एमआरआय चुकतोही. सर्जन शेवटी ऑपरेशनमध्ये त्या तुकड्यातून रक्ताचे ठिपके येतात का बघतात, माझ्या आले. आणि सिगरेट ओढत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, हाड जुळायला ती फार नडते.

तीन महिन्यांनी परत सीटी केला, निम्म्याहून जास्त जागेत हाड भरलेलं दिसलं. पाण्याची बादली अजून डाव्या हातानेच उचलते.