एकविसाव्या वर्षी माइक खाली ठेवणारी मोमोए

योकोसुका-चुओ स्टेशनात केइक्यू रेल्वेची गाडी शिरताना एक धून वाजते. ती ‘योकोसुका स्टोरी’ या 1976 च्या गाण्याची आहे. योकोसुका म्हणजे टोकियोच्या दक्षिणेचं, अमेरिकन आरमाराचा तळ असलेलं बंदर. लोक इथे नौदलाची करी खायला येतात (गोडसर असते, वरून तिखट मागून घ्या). मी बरेच दिवस ती धून नुसती कानावरून जाऊ दिली. मग शेजारच्या आजींनी सांगितलं, ही आमच्या मोमोएची. ‘आमच्या’ असं त्या कुठल्याच दुसऱ्या गायिकेबद्दल म्हणत नाहीत, म्हणून मी शोधायला लागले.

यामागुची मोमोए 1959 साली टोकियोत जन्मली आणि योकोसुकात वाढली. वडिलांचा संसार दुसरीकडे होता. इथे आई, मोमोए आणि धाकटी बहीण अशा तिघीच. 1972 मध्ये ‘स्टार तान्जो’ नावाच्या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत ती दुसरी आली आणि पुढच्या वर्षी, चौदाव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड निघाली. त्याच स्पर्धेतून आलेल्या मोरी मासाको आणि साकुरादा जुनको यांच्यासोबत तिचं त्रिकूट गाजलं.

पहिली रेकॉर्ड फारशी चालली नाही. मग कंपनीने असं ठरवलं की कोवळ्या मुलीच्या तोंडी अंगावर येणारे, दुहेरी अर्थाचे शब्द घालायचे. ते चाललं, धडाक्यात चाललं. 1974 च्या ‘हितोनात्सु नो केइकेन’मध्ये मुलगी आपली सर्वांत मोलाची गोष्ट द्यायला निघते, आणि पत्रकार या पंधरा वर्षांच्या पोरीला मिश्कीलपणे विचारत, म्हणजे नेमकं काय? ती दर वेळी एकच उत्तर देई: मनाचा खरेपणा. हे वाचल्यावर मला त्या विचारणाऱ्यांचीच लाज वाटली. मुलगी मात्र तेव्हाच त्यांच्यापेक्षा मोठी होती.

खरी मोमोए मला सापडते ती पुढच्या टप्प्यात. आकी योको (शब्द) आणि उझाकी र्यूदो (संगीत) हे नवरा-बायको आपल्यासाठी गाणी लिहोत, ही इच्छा तिची स्वतःची होती असं सांगतात. त्यातून ‘योकोसुका स्टोरी’ आलं आणि 1978 मध्ये ‘प्लेबॅक पार्ट 2’. त्यात लाल पोर्शे चालवणारी बाई आहे, ऐकून न घेणारी, पुरुषाला सुनावणारी. सरकारी नसली तरी जाहिरातींना मज्जाव असलेल्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर गाताना पोर्शेची नुसती ‘लाल गाडी’ करावी लागली, हा किस्सा इथे सगळ्यांना पाठ आहे. त्या वर्षअखेरीच्या ‘कोहाकु’ या एनएचकेवरच्या गायिका विरुद्ध गायक अशा कार्यक्रमात स्त्रियांच्या संघाचं शेवटचं, मानाचं गाणं तिला मिळालं. वय एकोणीस.

याच आवाजात त्याच्या आधल्या वर्षीचं ‘कॉसमॉस’ ऐकलं की थक्क व्हायला होतं. सादा मासाशीने लिहिलेलं हे गाणं लग्नाच्या आदल्या दिवशीच्या मुलीचं आणि तिच्या आईचं आहे. आपल्याकडे पाठवणीला गळा दाटून येतो ना, तेच, फक्त कोणी मोठ्याने रडत नाही.

मिउरा तोमोकाझु हा नट तिच्याबरोबर 1974 च्या ‘इझु नो ओदोरिको’ सिनेमात होता, पुढेही अनेक सिनेमांत. ऑक्टोबर 1979 मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमात तिने मंचावरूनच त्याचं नाव घेऊन प्रेम जाहीर केलं. पुढच्या मार्चमध्ये लग्न ठरल्याचं आणि गाणं सोडत असल्याचं सांगितलं. 5 ऑक्टोबर 1980 ला टोकियोच्या निप्पोन बुदोकान सभागृहात शेवटचा कार्यक्रम झाला. माझा हट्ट पोटात घातलात, मी सुखी होईन, अशा अर्थाचं बोलून ती शेवटचं गाणं गायली, पांढरा माइक मंचावर ठेवला आणि आत गेली. नोव्हेंबरमध्ये लग्न. वय एकवीस.

लग्नापायी गाणं सुटलेल्या बायका आपल्याही घराघरांत आहेत. ‘आत्या काय गायची!’ असं म्हणून जिचा फक्त उल्लेख होतो, ती. त्यामुळे मी आधी मोमोएलाही त्याच रांगेत बसवलं होतं. पण तिने आत्मचरित्रात वडिलांबद्दल लिहिलंय, ते वाचलं की घर या गोष्टीची तिची भूक कुठून आली ते कळतं. तरी पूर्ण समाधान होत नाही. 1980 च्या जपानात लग्न ठरलं की नोकरी सोडायची हे मुलींच्या अंगवळणीच पडलेलं होतं, मग निवड कितीशी मोकळी? त्याच वर्षी आलेल्या मात्सुदा सेइको या गायिकेने लग्न आणि मुलगी झाल्यावरही गाणं सोडलं नाही. तिला त्याबद्दल किती टोमणे ऐकावे लागले, हे आजींना विचारा. त्यांना मोमोए प्रिय आणि सेइको ‘जरा आगाऊ’. मला दोघी आवडतात, आणि आजींशी या विषयावर वाद घालायला तर फारच.

मोमोए पुन्हा मंचावर आली नाही. मुलाच्या बालवाडीपर्यंत कॅमेरे पोहोचले, तरीही नाही. मोठा मुलगा गायक झाला, धाकटा नट. ती स्वतः क्विल्ट शिवते, म्हणजे आपल्या गोधडीचीच सधन बहीण. 2019 मध्ये मिउरा मोमोए या नावाने तिचं क्विल्टचं पुस्तक निघालं आणि धो-धो खपलं.

तिची गाणी 2020 पासून स्ट्रीमिंगवर आहेत, तिकडे भारतात बसूनही शोधून पाहा. सुरुवात ‘प्लेबॅक पार्ट 2’ने करा, ‘कॉसमॉस’ नंतर. उलट क्रमाने ऐकलंत तर तुम्हीही आजींच्या बाजूला जाल, आणि मला इथे एकटीला भांडावं लागेल.